फाट्याच्या आत

कंडक्टरबाई सायकलवर बसल्या की आधी मागे वळून बघत. पुढे खड्डा आहे, म्हैस आडवी बसली आहे, वाळूचा ट्रक येतो आहे, असल्या गोष्टींशी त्यांचं काही देणंघेणं नसे. पुढचं बघायला ड्रायव्हर असतो, ही नोकरीभरची समजूत निवृत्तीनंतरही जशीच्या तशी टिकून होती. आपण बघायचं ते मागे. कोणी धापा टाकत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोर घेऊन पळत येत तर नाही ना? येत नसेल तर घंटी दोनदा वाजवायची. दोनदा म्हणजे चला आणि एकदा म्हणजे थांबा. आमच्या गडचिरोलीच्या सायकलवाल्या टोळक्याला हा कायदा बाईंनी पहिल्याच दिवशी लावला, आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक तो निमूटपणे पाळत आलो.

या घंटीवरून सुरुवातीला बरीच कुरबुर झाली. आमच्यातले प्राध्यापक कॉलेजात इतिहास शिकवतात आणि त्यांच्या सायकलवर त्यांच्या बायकोपेक्षा जास्त प्रेम करतात. नागपूरहून मागवलेली जाड टायरची माउंटन बाइक, पुढे शॉक-अप, डिस्क ब्रेक, गिअर किती ते त्यांनाही धड सांगता येत नाही. अशा सायकलला बाजारातल्या दुकानातली पितळी घंटी लावायची म्हणजे त्यांना सुटाबुटावर उपरणं घेतल्यासारखं वाटलं. त्यांनी हळूच नाही म्हणून बघितलं. बाई म्हणाल्या, "घंटी नाई तं गाडी नाई, सर. जंगलात अस्वल तुमचा शॉक-अप पाहून बाजूले होनार हाय काय?" दुसऱ्या रविवारी घंटी लागलेली होती.

मी या भानगडीत पडलो तो माझ्या दुकानामुळे. माझं औषधांचं दुकान आहे. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सायकल घ्यायला सांगितली होती, म्हणून मी घेतली होती. चालवायला सांगितली होती हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. ती दुकानाच्या मागच्या दारात उभी असे आणि घरचे लोक तिच्यावर कपडे वाळत घालत. बाई गुडघ्याचं मलम घ्यायला आल्या, त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मेडिकलवाले भाऊ, एवढ्या महागाच्या सायकलीवर चड्ड्या वाळवून राह्यले काय? उद्या सकाळी सहाले सुटते. सुटते म्हनजे सुटते." गिऱ्हाइकं हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहालाच मी चौकात उभा होतो. भीतीनेच, दुसरं काय.

पण बाईंनी स्वतः सायकल का घेतली, ती कथा वेगळीच आहे. एकदा धानोऱ्याच्या रस्त्यावर चहा पिता पिता त्यांनी ती मला सांगितली. "भाऊ, मी सारा जिल्हा पाह्यला म्हनतात लोक. काय पाह्यला? पाट्या पाह्यल्या. वैरागड फाटा, उतरा. अमका फाटा, उतरा. मानसं उतरत, आत चालू लागत, झाडाईत दिसेनाशी होत. मी घंटी मारो. आत काय हाय ते मले कधी दिसलंच नाई. घर हाय का किल्ला हाय का नुसतंच जंगल. सारी नोकरी मी फाट्यावर काढली बापा, आत कधी गेलीच नाई." ज्या दिवशी खाकी उतरवली त्याच आठवड्यात त्यांनी गिअरची सायकल घेतली. नवरा वारलेला, मुलगी नाशिकला शाळेत शिक्षिका, अडवणारं घरात कोणी नव्हतं. आणि मग एकेक फाटा धरून बाई आत शिरू लागल्या. आम्ही त्यांच्या पुढे, म्हणजे खरं तर त्यांच्या मागे.

आत शिरल्यावर होणारी गंमत आम्ही सगळीकडे अनुभवली. एखाद्या गावात शिरलो की धान झोडपणाऱ्या बाया हातातलं काम टाकून आमच्याकडे बघत. आमच्या हेल्मेटांकडे नव्हे, बाईंकडे. मग कोणीतरी काळजीच्या सुरात विचारी, "काऊन व बाई, गाडी बंद झाली का आपली?" कंडक्टर सायकलवर आली आहे म्हणजे बस कायमची बंद पडली आणि निरोप सांगायला हिला पाठवलं आहे, असा तिथल्या लोकांचा सरळ हिशेब. बाई घाईघाईने सांगत, "नाई नाई, गाडी हाय. मीच रिटायर झाली." तेव्हा कुठे गावाचा जीव भांड्यात पडे आणि आमच्यासाठी चहा ठेवला जाई.

ऐतिहासिक स्थळं बघण्याची बाईंची एक स्वतंत्र पद्धत होती. वैरागडच्या किल्ल्यात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा खंदक ओलांडून, झुडपं बाजूला सारत दरवाज्यातून आत आलो. प्राध्यापक एका दगडावर चढले आणि गोंड राजांच्या वंशावळीला त्यांनी हात घातला. तिसऱ्या राजापर्यंत बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या एकट्याच आतून फिरून आल्या, विहिरीत डोकावल्या, तटाच्या कडेकडेने गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "सर, पानी हाय, सावली हाय, पाहारेवाल्याची जागा हाय. बायाइनं कुठी जाचं?" प्राध्यापकांना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, याबद्दल साधनांत उल्लेख नाही. बाई म्हणाल्या, "नसनारच. लिवनारे बाप्ये असतीन." पुढे मार्कंड्याला वैनगंगेच्या काठावरची ती नाजूक कोरलेली देवळं बघतानाही त्यांनी हाच प्रश्न केला. दिवसदिवस बसमध्ये उभी राहिलेली बाई असे प्रश्न विचारणारच. मी मात्र आता कुठलाही किल्ला पाहिला की आधी तेच शोधू लागतो, आणि बायको मला वेड्यात काढते.

आता त्यांचा एक दोषही सांगतो, नाहीतर कोणाला वाटेल मी आरती ओवाळतो आहे. फाट्यापर्यंतचा रस्ता बाईंना झोपेतही सांगता आला असता, पण फाट्याच्या आतलं त्यांना काडीचं ठाऊक नव्हतं. आत्मविश्वास मात्र दोन्हीकडे सारखाच. जंगलात दोन पायवाटा फुटल्या की मागून हुकूम येई, "डावीकडे घ्या!" आम्ही डावीकडे घेत असू. ती वाट हमखास एखाद्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, जाऊन संपे. मोबाइलवरचा नकाशा दाखवायला जावं तर त्या म्हणत, "रस्त्याचं मले सांगू नका भाऊ. जिंदगी गेली माझी रस्त्यावर." एकदा अशाच चुकीच्या वाटेवर, सागाच्या दाट पट्ट्यात, समोर रानगवा उभा. काळा, चकचकीत, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. मागून शांतपणे एकदा घंटी वाजली. म्हणजे थांबा. आम्ही तसेही थांबलेलो होतो. गव्याने आमच्याकडे बघितलं, कान हलवले, पाला खाल्ला, आणखी थोडा पाला खाल्ला. पुष्कळ वेळाने तो रस्ता ओलांडून गेला, त्याच्यामागून त्याचं वासरू गेलं, आणि तरी बाई घंटी मारेनात. प्राध्यापक कुजबुजले, "बाई, गेला तो." बाई म्हणाल्या, "थांबा, अजून कोनी मांगून येत असंन." आणि खरोखरच आणखी एक गवा आला. मग दोनदा घंटी.

वाघाच्या बाबतीत मात्र त्या थट्टा खपवून घेत नसत. आमच्याकडे वाघ ही फोटो काढायची गोष्ट नाही, माणसं जातात. म्हणून ऊन नीट वर आल्याशिवाय जंगलात शिरायचं नाही, आणि आधी गावातल्या कोणाला तरी विचारायचं. गावाने जाऊ नका म्हटलं की बाई एका शब्दाने वाद न घालता सायकल वळवत. आमचे कितीतरी रविवार असे फाट्यावर चहा पिऊन परत येण्यात गेले. त्याबद्दल त्यांनी कधी चुकचुकल्याचं मला आठवत नाही.

असे फाटे संपत आले आणि एकच राहिला. कोसमटोला फाटा. तो बाई मुद्दाम टाळत होत्या, हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला. गुडघ्याचं मलम न्यायला त्या आल्या तेव्हा मीच एकदा विचारलं. त्या स्टुलावर बसल्या आणि पारबताबाईंबद्दल बोलू लागल्या.

पारबताबाई ही कोसमटोल्याची ढिवरीण. दर बाजाराच्या दिवशी फाट्यावरून मासळीची टोपली घेऊन बसमध्ये चढायची. टोपली आत आली की अर्धी बस नाकाला पदर लावायची आणि उरलेली अर्धी ओरडायची, उतरवा हिला. "मी म्हनो, वास येत असंन तं खिडकी उघडा. खाताना नाई येत काय वास?" बाईंनी तिची मागच्या सीटजवळची जागा ठरवूनच टाकली होती. संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन ती परत यायची, आणि फाट्यावर उतरताना पायरीवर थबकून दर वेळी म्हणायची, "एक डाव उतर न व बाई. माह्या घरी जेवून जाय." बाई म्हणायच्या, "येतो न, पारबताबाई." आणि घंटी मारायच्या. पोटात भुकेचा आगडोंब, डब्यात कोरडी पोळी, आणि ती दर वेळी मासळीच्या रश्श्याचं सांगायची. वर्षानुवर्षं हे असं चाललं. मग बाईंची दुसऱ्या मार्गावर बदली झाली आणि पारबताबाई तिकडे राहिली.

"मग जात काऊन नाई?" मी विचारलं. दुकानात गर्दी नव्हती. बाई मलमाच्या डबीचं झाकण उघडझाप करत बसल्या. "ती तवाच म्हातारी होती, भाऊ. असंन का नाई असंन, कोनाले ठाऊक. इचाराची हिंमत होत नाई. इचारलं अन् कोनी नाई म्हनलं, तं मी खोटी पडली न जलमभराची." एवढ्या फाटक्या तोंडाची बाई, गव्याला न भ्यालेली, पण या एका गोष्टीला भीत होती. मला त्यांची फार कीव आली आणि ती मी चेहऱ्यावर येऊ दिली नाही, कारण मार खाल्ला असता.

पण आता टाळून चालणार नव्हतं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. मुलगी संक्रांतीनंतर न्यायला येणार होती आणि पुढे आईने नाशिकलाच राहायचं, हेही तिनेच ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी सायकलला साफ मनाई केली होती. मी माझ्या मोटरसायकलवरून कोसमटोल्याला पोहोचवून द्यायची तयारी दाखवली. बाईंनी ऐकलं नाही. "तुमच्या गाडीवर गेली तं तुमच्या टायमानं वापस या लागन. माह्या सायकलनं जाईन, माह्या टायमानं येईन. आन चालताना दुखते भाऊ, पायडल मारताना एवढं नाई दुखत." हे शेवटचं अर्धं खरं होतं, आणि औषधवाला म्हणून मला ते मान्य करावं लागलं.

धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, आणि ऊन अजून कोवळं होतं. कोसमटोला फाट्यापर्यंत बाईंची सायकल आणि आमच्या सायकली एका टेम्पोत टाकून नेल्या. तेवढं त्यांनी कबूल केलं. फाट्यावर उतरल्यावर त्या बराच वेळ त्या पाटीखाली उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इथी उतरायची ती." आणि आत वळल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. मोहाच्या झाडांमधून बैलगाडीची चाकोरी जात होती, सपाट होती तोवर ठीक चाललं. पुढे तलावाची पाळ आली. इकडचे तलाव फार जुने. हा गोंड राजाच्या काळचा म्हणतात. पाळीचा चढ भुसभुशीत मातीचा. अर्ध्या चढावर बाईंचा गुडघा आखडला. त्यांनी तोंडातून आवाज काढला नाही, फक्त सायकल थांबली.

मी म्हटलं, परत फिरू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय तिथेच सोडला. मग एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने प्राध्यापक, बाई सीटवर बसलेल्या, असा आमचा धक्कास्टार्ट सुरू झाला. "लावा जोर, पॅसिंजर! बसले काऊन?" वेदनेने घामाघूम झालेली बाई वरून आम्हाला झापत होती. पाळीवर एक पडकं देऊळ होतं, कोरीव खांब, अंगणात भग्न नंदी. प्राध्यापकांची मान आपोआप तिकडे वळली. "सर, मंग पाहा, तो नाई पळून जात," बाई म्हणाल्या. पाळीवरून खाली गाव दिसलं. दहापाच घरं, वाळत घातलेली जाळी, धूर.

गावात कोणाला काही विचारायचं नाही, असं त्यांनी आम्हाला बजावलं. स्वतःच सायकल धरून लंगडत एकेका अंगणात डोकावू लागल्या. तिसऱ्या की चौथ्या अंगणात एक वाळकी म्हातारी सुपात बारीक मासळी निवडत बसली होती. बाई कुडाशी थांबल्या. त्यांचा आवाज, जो बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जायचा, तो कसातरीच झाला. "पारबताबाई, मी. गडचिरोलीची गाडीवाली."

म्हातारीने कपाळावर हात आडवा धरून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "उतरली काय व बाई शेवटी?"

आणि लगेच तिची धावपळ सुरू झाली. सूप बाजूला टाकलं, सुनेला हाका मारल्या, चूल पेटव, भात टाक. मग एकदम तिच्या काहीतरी ध्यानात आलं. ती फाट्याच्या दिशेने बघत काळजीने म्हणाली, "गाडी किती येळ उभी हाय? तो डायवर बोंबलन न. तू चहाच पिऊन घे घाईघाईनं."

बाई म्हणाल्या, "आज गाडी नाई, पारबताबाई. आज मी बसतो." आणि त्या खाली, सारवलेल्या अंगणात बसल्या. ज्या गुडघ्याने त्यांना खाली बसता येत नव्हतं, तो गुडघा वाकवून बसल्या. उठताना दोघांनी धरून उठवावं लागणार हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी आणि प्राध्यापक उगाचच सायकलींचे टायर तपासू लागलो.

जेवण झालं. तलावातली मासळी, तिखटजाळ रस्सा, वाफाळता भात. बाईंनी तीनदा भात मागून घेतला. पारबताबाई समोर बसून नुसती बघत होती. दुपारी आम्ही निघालो तेव्हा दोघी भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या आणि बसमधल्या कुठल्याशा भांडखोर पॅसिंजरची नक्कल करून हसत होत्या. बाई आमच्याबरोबर आल्या नाहीत, त्यांची सायकल तेवढी आम्ही आणली. त्या तिथे राहिल्या आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी फाट्यापर्यंत बैलगाडीने येऊन बसने परतल्या, तिकीट काढून.

संक्रांतीनंतर त्या नाशिकला गेल्या. ऑपरेशन नीट झालं. फोन येतो. तिथेही त्यांनी उचापती सुरू केल्याच आहेत. नव्या गुडघ्यांनी शहराच्या बसमध्ये बसतात, नावही न ऐकलेल्या स्टॉपवर उतरतात आणि आत काय आहे ते बघून येतात. मुलगी वैतागते आणि मला फोन करून समजवा म्हणते. मी काय समजावणार? इकडे आमचा रविवार सुरू आहे, पण सुटायची वेळ आता कोणी पाळत नाही. मला त्यांच्या ओरडण्याची सवय झाली होती, आणि ते नाही म्हणून पहाटे उठायचा कंटाळा येतो. आठवण येते, सरळच सांगतो.

पावसाळ्याच्या अखेरीस कोसमटोल्याचा एक माणूस तापाचं औषध न्यायला दुकानात आला. पारबताबाई गेली, म्हणाला. आखाडातच. झोपेत गेली, काही त्रास झाला नाही. ही गोष्ट बाईंना सांगायची की नाही, यावर मी दोन दिवस काढले. शेवटी फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं.

पलीकडे कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजत होता.

मग बाई म्हणाल्या, "जेवून आली न भाऊ मी तिच्या घरी." आणि पुन्हा, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "पोटभर जेवली."